ख्रिस्तपुराणाच्या पोथ्या व सुवार्तेचें नित्यपठण

(१) विषयप्रवेश

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, त्याचा बराचसा भाग ग्रंथारंभींच्या मराठीस्तुतिपर ओव्यांभोंवतींच फिरत राहिला आहे. एका इंग्रज पाद्र्यानें आपल्या भाषेची थोरवी गावी याचें कौतुक वाटणें साहजिक आहे. त्या ओव्या वाचकांस तोंडपाठ असतील, म्हणून येथें उतरून घेत नाहीं. परंतु ग्रंथकारानें हा प्रचंड खटाटोप भाषेच्या गौरवाकरितां केला नव्हता. तो कशाकरितां केला, ऐकणाऱ्यांच्या घरांत त्या ग्रंथाला कोणतें स्थान मिळालें, आणि छापील प्रती नाहींशा झाल्यावरही लोकांनीं तो हातानें कां उतरून ठेवला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एटापल्लीसारख्या अरण्यांतील गांवीं बसून साष्टीच्या पुराणाविषयीं लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन एका प्रश्नांत आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं ख्रिस्ती उपासना चालते. तो एकदां म्हणाला, "गुरुजी, आमची सायंप्रार्थना मराठींत होते, पण आजी दुखण्यांत देवाला हांक मारते ती माडियांतच. मग आमचा धर्म कोणत्या भाषेंत आहे?" या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. शास्त्राचें अध्ययन संस्कृतांत, घरचें बोलणें मराठींत, आणि पुराणश्रवण या दोहोंना जोडणारा पूल, ही व्यवस्था मला माझ्या घरची म्हणून ठाऊक होती. तीच व्यवस्था साष्टीच्या नवख्रिस्ती समाजांत एका परकी माणसानें चारशें वर्षांपूर्वीं जाणूनबुजून उभी केली होती, हें ख्रिस्तपुराण पुन्हां वाचतांना ध्यानांत आलें. त्यामुळें हा लेख.

(२) ग्रंथकार व त्याचा काळ

स्टीफन्सचा जन्म इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांतील बुश्टन या गांवीं इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. इ. स. १५७५ त रोम येथें तो जेज्वित संघांत शिरला. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला (शके १५०१) तो गोंव्यास पोंचला. प्रवासाचें वर्णन करणारें जें पत्र त्यानें १० नोव्हेंबरला वडिलांस धाडलें, तें पुढें हॅक्ल्यूटच्या प्रवाससंग्रहांत छापलें गेलें. यानंतर इ. स. १६१९ त मृत्यु येईपर्यंत तो या देशांतून परत गेला नाहीं. त्याचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत, मडगांव व राचोल (रायतूर) यांच्या परिसरांत गेलें.

तो आला त्या वेळची साष्टी कशी होती, हें सांगितल्यावांचून पुढील विचार अपुरा राहील. इ. स. १५६० त गोंव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. इ. स. १५६७ त साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. त्याच दशकांत केळशीची शांतादुर्गा कवळ्यास व कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास नदीपलीकडे हलविला गेला. जुन्या पोथ्या बाळगणें व पुराण सांगणें नवख्रिस्त्यांना निषिद्ध झालें. इ. स. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें पांच जेज्वितांचा वध झाला. पुढें सरकारानें कुंकळ्ळीच्या गांवकर पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें. मेलेल्या धर्मबंधूंचीं प्रेतें मिळवून आणण्याच्या कामीं स्टीफन्स स्वतः होता.

या घटनेनंतर अवघ्या तीन महिन्यांनीं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, त्यानें भाऊ रिचर्ड यास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्यांत माडाच्या झाडाची उपयुक्तता वर्णिली आहे, आणि इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते असा अभिप्राय दिला आहे. सर विल्यम जोन्सचें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयींचें प्रसिद्ध व्याख्यान इ. स. १७८६ चें, म्हणजे या पत्रानंतर दोनशें तीन वर्षांनीं झालें. भोंवतीं रक्तपात झालेला असतां ज्याचें लक्ष धातु, विभक्ति व माडाच्या शहाळ्याकडे जातें, तो माणूस केवळ सत्तेचा हस्तक नव्हता. परंतु सत्तेच्या छायेखालींच तो काम करीत होता हेंही तितकेंच खरें आहे. हीं दोन्ही विधानें एकत्र धरूनच ख्रिस्तपुराण वाचलें पाहिजे. त्यांतील एक सोडून दिल्यास स्तुति तरी होते किंवा निंदा तरी, इतिहास होत नाहीं.

(३) पुराण मागणारा श्रोता

ग्रंथाची कथाचौकट आपल्या पुराणांसारखीच आहे. रविवारीं तिसऱ्या प्रहरीं देवळांत मुलांस ख्रिस्ती शिकवण सांगितली जात असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढें येतो व पाद्री-गुरूला प्रश्न करितो. त्याचा आशय असा: तुम्ही शिकवितां तें उत्तम आहे, परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तेव्हां त्यांच्या जागीं मनास विरंगुळा होईल असें दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? गुरु या विनंतीवर विचार करितो, आणि येथून निरूपणास प्रारंभ होतो.

नैमिषारण्यांत शौनकादिकांनीं सूताला विचारावें त्या पद्धतीचीच ही योजना आहे. परंतु ती केवळ अनुकरण म्हणून आलेली नाहीं. त्या प्रश्नांत एक तक्रार आहे, आणि ग्रंथकारानें ती आपल्याच ग्रंथाच्या आरंभीं नोंदवून ठेविली आहे. देऊळ गेलें, पोथी गेली, आणि त्यांच्या जागीं पाठ करावयाचीं प्रश्नोत्तरें आलीं. तेवढ्यानें दिवस भरत नव्हता. संध्याकाळीं कामावरून आलेला गृहस्थ काय ऐकणार, सणाच्या रात्रीं बायकामुलें काय म्हणणार, ही पोकळी होती. बळानें माणसाचें नांव बदलतां येतें, संध्याकाळ बदलतां येत नाहीं, हें स्टीफन्सनें ओळखलें होतें.

त्याच्या तिन्ही ग्रंथांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक ठरीव योजना दिसते. त्याची 'दौत्रिन क्रिस्तां', म्हणजे ख्रिस्ती शिकवणीची पोथी, मुलांकरितां संवादरूपानें रचलेली असून ती कोंकणींत, त्या काळच्या शब्दांत 'ब्राह्मण कानारी' भाषेंत, आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १६२२ त राचोल येथें छापली गेली. तिची हुबेहूब प्रतिकृति मारिआनु साल्दान्य यांनीं इ. स. १९४५ त लिस्बन येथें प्रसिद्ध केली. दुसरा ग्रंथ कोंकणीचें व्याकरण. तें दियोगु रिबैरु या पाद्र्यानें भर घालून इ. स. १६४० त राचोलास छापविलें, आणि कुन्य रिव्हारा यांनीं इ. स. १८५७ त त्याची नवी आवृत्ति काढली. तें परदेशांतून येणाऱ्या पाद्र्यांकरितां होतें. तिसरा ग्रंथ म्हणजे हें पुराण, आणि तें प्रौढ गृहस्थांकरितां मराठींत आहे. मुलांस घरची बोली, पाद्र्यांस व्याकरण, व जाणत्या श्रोत्यांस ज्या भाषेंत ते आधीं भागवत-रामायण ऐकत होते ती भाषा, अशी ही वांटणी आहे. मराठी गद्य प्रस्तावनेंत ग्रंथकार स्वतःच सांगतो कीं, निरूपणास योग्य म्हणून मराठी निवडली, परंतु पूर्व कवींचे अवघड शब्द टाकून कोंकणींतील सुलभ शब्द मिसळले.

मराठी ही साष्टींत उपरी भाषा नव्हती. केळशीच्या कृष्णदास शामा यानें शके १४४८ (इ. स. १५२६) मध्यें श्रीकृष्णचरित्र मराठींतच रचण्यास आरंभ केला होता. पोर्तुगालांत ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत क्रमांक ७७१, ७७२ व ७७३ या बाडांत रामायण-भारतांतील कथा कोंकणी व मराठींत, परंतु रोमी लिपींत उतरलेल्या आढळतात. जेज्वितांनीं अभ्यासाकरितां त्या उतरविल्या असाव्यात असें अभ्यासकांचें मत आहे. ज्या पोथ्या लोकांच्या हातून काढून घेतल्या त्यांवरच पाद्री भाषा शिकत होते, आणि ती भाषा पुढें नव्या पुराणांत परत आली. इतिहासाची ही गति विलक्षण खरी, पण सुखकारक म्हणवत नाहीं.

(४) ग्रंथाची रचना व तिचा मध्यबिंदु

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर असून ओव्या ४,१८१ आहेत. दुसऱ्यांत ५९ अवस्वर व ओव्या ६,७८१. एकूण ९५ अवस्वर व १०,९६२ ओव्या. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून यहुदी राजे व भविष्यवादी यांच्यापर्यंतची कथा येते. दुसऱ्यांत ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, चमत्कार, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण हीं येतात.

आज 'ख्रिस्तपुराण' हें नांव रूढ आहे. परंतु इ. स. १६१६ (शके १५३८) त राचोल येथें छापलेल्या पहिल्या आवृत्तीवर पोर्तुगीज मथळा होता, त्याचा अर्थ 'आमचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगांत येण्याविषयीं निरूपण, दोन भागांत' असा आहे. 'येणें' हा या मथळ्यांतील मुख्य शब्द आहे. जुन्या करारांतील दीर्घ वंशकथा, युद्धें, राजे हें सर्व त्या एका आगमनाची पूर्वपीठिका म्हणून मांडलें आहे. ग्रंथाचा तीन-पंचमांशाहून अधिक भाग प्रत्यक्ष ख्रिस्तचरित्राला दिला आहे. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर सुवार्ता हा येथें प्रधानविधि आहे आणि बाकीचें सर्व त्याचें अंग आहे. अंगानें प्रधानाला झांकूं नये हा नियम स्टीफन्सनें कसोशीनें पाळला.

याची प्रचीति दुसऱ्या एका ग्रंथाशीं तुलना केली असतां येते. एतिएन द ला क्रुआ हा फ्रेंच जेज्वित स्टीफन्सच्या मागून साष्टींत आला. त्यानें संत पेत्राच्या चरित्रावर मराठींत ओवीबद्ध पुराण रचलें, व तें इ. स. १६२९ पासून १६३४ पर्यंत छापून निघालें. त्याच्या मथळ्यांतच इकडील धर्माच्या मुख्य 'चुकांचें' खंडन करण्याचा हेतु जाहीर केला आहे. त्याप्रमाणें त्यांत आपल्या देवदेवतांच्या कथांचा उपहास भरपूर आहे. ख्रिस्तपुराणांतही मूर्तिपूजेवर टीका आहे, ती नाहीं असें म्हणणें सत्यास सोडून होईल. परंतु तेथें ती प्रसंगानें येते आणि कथा पुन्हां आपल्या मार्गीं लागते. पेत्रपुराणाचें लक्ष प्रतिपक्षावर आहे, ख्रिस्तपुराणाचें आपल्या नायकावर. पहिल्याच्या पोथ्या विरळ, दुसऱ्याच्या घरोघर उतरल्या गेल्या. याचें एक कारण मला असें वाटतें कीं, वादग्रंथ वाद संपला म्हणजे मिटला जातो. आजारी माणसाच्या उशाशीं बसून कोणी खंडन वाचीत नाहीं. दुःखसहनाची कथा मात्र वाचतात.

पठणाच्या सोयीचाही विचार ग्रंथकारानें केला होता. एका अवस्वरांत सरासरीनें ११५ ओव्या पडतात. सावकाश गाऊन म्हटल्यास एका बैठकीला तेवढा मजकूर पुरेसा होतो. दर रविवारीं एक अवस्वर धरला तर सारा ग्रंथ पावणेदोन वर्षांच्या आसपास पुरा होईल, आणि सणांचे दिवस धरल्यास त्याहूनही लवकर. हें माझें गणित आहे, ग्रंथकाराची आज्ञा नव्हे. परंतु चातुर्मासांत पोथी लावण्याची वहिवाट ज्यांनीं पाहिली आहे त्यांना तें पटेल. ओवी हा छंदही यास अनुकूल. जात्यावर व पाळण्यापाशीं जी लय बायकांच्या तोंडीं आधींच होती, तींत नवा विषय घातला कीं तो शिकवावा लागत नाहीं, आपोआप पाठ होतो. एकनाथांनीं आपलें भागवत शके १४९५ त काशीस पुरें केलें. त्यानंतर अवघ्या त्रेचाळीस वर्षांनीं हें पुराण छापलें गेलें. शास्त्रांतील अर्थ घरच्या भाषेंत आणण्याचा जो उद्योग देशावर चालला होता त्याचीच ही दूरची, दुसऱ्या धर्मांतील शाखा होय.

(५) लिपि, छाप व पोथ्या

आतां आपल्या मंडळाच्या वाचकांना विशेष गोडीच्या विषयाकडे वळतों. ग्रंथ छापला गेला तो रोमी लिपींत. पण ग्रंथकाराची इच्छा वेगळी होती. इ. स. १६०८ त त्यानें रोममधील संघप्रमुखांस लिहिलेल्या पत्रांत, या देशाच्या भाषेंत व या देशाच्याच अक्षरांत पुस्तकें छापावीं असा आपला बहुत वर्षांचा मनोदय असल्याचें कळविलें आहे. अडचण अशी कीं, इकडील अक्षरें जोडाक्षरांसह सुमारें सहाशें सांचे मागतात, युरोपीय वर्णमालेचें काम चोवीसांत भागतें. तो खर्च व ती खटपट वरिष्ठांच्या आज्ञेवांचून होणारी नव्हती. ती आज्ञा फलद्रूप झाली नाहीं, आणि ग्रंथ रोमी टंकांतच निघाला.

पुढें इ. स. १६४९ व १६५४ त आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ आपल्यापर्यंत पोंचला तो सर्वस्वी हस्तलिखितांच्या द्वारें. छापखान्यापूर्वीं पोथी, आणि छापखान्यानंतर छापील पुस्तक, हा सामान्य क्रम येथें उलटला आहे. छापील ग्रंथावरून पोथ्या झाल्या, छापील प्रती नष्ट झाल्या, आणि पोथ्यांनीं ग्रंथ राखला.

असें होण्याचें कारण राज्यकर्त्यांच्या धोरणांत सांपडतें. इ. स. १६८४ त काँद द आल्व्हर या व्हाइसरॉयानें देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची मुदत दिली. इ. स. १७४५ त तर पोर्तुगीज न येणाऱ्यांस विवाहाची अनुज्ञा देऊं नये असें आर्चबिशपांचें फर्मान निघालें. ज्या चर्चनें हें पुराण छापण्यास परवानगी दिली, त्याच चर्चच्या व सरकारच्या अधिकाऱ्यांनीं त्याच्या भाषेवर गदा आणली. अशा वेळीं चवथी आवृत्ति कोण काढणार? परंतु लोकांनीं वह्या आणल्या, बोरू-शाई घेतली, आणि दहा हजारांहून अधिक ओव्या रोमी अक्षरांत उतरून ठेवल्या. येथें बळाचा संबंध उरला नव्हता. उलट बळ दुसऱ्या बाजूला होतें. आरंभीं जी सुवार्ता सत्तेच्या सावलींत आली, ती पुढें सत्तेच्या मनाविरुद्ध घरांत राखली गेली. ज्या ग्रंथाकरितां माणूस फुकट मेहनत करितो तोच त्याचा खरा धर्मग्रंथ, ही कसोटी लावली तर अठराव्या शतकांतील हे अनामिक नक्कलकार हेच ख्रिस्तपुराणाचे खरे साक्षी होत.

गोंव्यांतून कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं या पोथ्या बरोबर नेल्या. टिपू सुलतानानें इ. स. १७८४ त मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. ती बंदी इ. स. १७९९ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षें, चालली. तेथें पाद्री व देऊळ नसतां या पुराणाच्या पठणानें श्रद्धा तगली, अशी त्या समाजांत परंपरा आहे. परंपरेला दप्तराचा पुरावा मागणें हा आपला धर्मच आहे. तथापि मंगळुराकडील घरांत हस्तलिखितें शिल्लक राहिलीं ही गोष्ट त्या परंपरेला अनुकूल आहे खास. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं इ. स. १९०७ त मंगळूर येथें ग्रंथाची रोमी लिपींतील आवृत्ति, चरित्र, सारांश व शब्दकोश यांसह काढली. पुढील सर्व अभ्यासाचा पाया तोच. तिच्यावरून शांताराम बंडेलू यांनीं इ. स. १९५६ त पुण्यास नागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. फादर कारिदाद द्रागो यांची नागरी आवृत्ति इ. स. १९९६ त मुंबईस निघाली.

(६) मार्स्डन पोथीचा वाद

साल्ढाणांच्या आवृत्तीनंतर एक नवा प्रश्न उभा राहिला. विल्यम मार्स्डन या प्राच्यविद्यापंडितानें आपला ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला होता; तो पुढें लंडनच्याच प्राच्यविद्याशाळेंत गेला. त्या संग्रहांत या पुराणाची नागरी लिपींतील पोथी असल्याचें मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार जस्टिन अॅबट यांनीं इ. स. १९२३ त जाहीर केलें. रोमी पोथ्यांत जेथें पोर्तुगीज धार्मिक शब्द आहेत तेथें या पोथींत बहुधा संस्कृत शब्द आढळतात. यावरून हीच ग्रंथकाराची मूळ संहिता, असें अॅबट यांचें प्रतिपादन होतें. पुढें नेल्सन फालकाव यांनीं या पोथीचा अभ्यास करून इ. स. २००९ त तिची संहिता प्रसिद्ध केली.

वाद असा: संस्कृत शब्द मूळचे व पोर्तुगीज शब्द छापतांना घातलेले, कीं पोर्तुगीज शब्द मूळचे व संस्कृत शब्द कोणा मागाहूनच्या पंडितानें बसविलेले? अॅबट यांच्या बाजूनें इ. स. १६०८ चें पत्र येतें. ज्याला नागरी टंकांची एवढी तळमळ होती त्यानें प्रथम नागरींतच लिहिलें असणें संभवनीय आहे. शिवाय छापण्याकरितां इन्क्विझिशनची परवानगी लागत असे. बाप्तिस्मा, मिस्सा वगैरे विधींचीं नांवें बदललेलीं परीक्षकांस रुचलीं नसतीं, म्हणून छापील पाठांत पोर्तुगीज शब्द आले असावेत.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही हलकें नाहीं. पाठचिकित्सेचा एक नियम असा कीं, दोन पाठांपैकीं जो अवघड व ओबडधोबड तो बहुधा मूळचा, कारण नक्कलकार अवघडाचें सोपें करितो, सोप्याचें अवघड करीत नाहीं. ओवीच्या लयींत खडबडणारा पोर्तुगीज शब्द काढून तेथें मऊ संस्कृत शब्द घालण्याचा मोह कोणाही व्युत्पन्न लेखनिकाला होईल. माझें मत एवढेंच कीं, नागरी लिपि मूळची असूं शकेल, परंतु त्यावरून या पोथींतील प्रत्येक संस्कृत शब्द मूळचा ठरत नाहीं. लिपीचा प्रश्न व शब्दांचा प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. प्रत्येक बदललेल्या शब्दापाशीं थांबून, यमक व अक्षरसंख्या कोणत्या पाठानें सांभाळली जाते हें मोजलें, तरच निर्णय जवळ येईल. हें काम अंगमेहनतीचें आहे आणि तें तरुणांनीं करावें.

शब्दांचा हा वाद केवळ पंडिती नव्हे. परका शब्द ठेवला तर श्रद्धेचा विषय शुद्ध राहतो, पण घरांत पाहुण्यासारखा राहतो. घरचा शब्द घेतला तर तो जिवाला भिडतो, पण आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येतो. स्टीफन्सनें 'वैकुंठ' शब्द स्वर्गाकरितां घेतला आहे. वैकुंठ म्हटलें कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें, हें त्याला ठाऊक नसेल असें मानवत नाहीं. तो धोका पत्करूनच त्यानें तो शब्द वापरला.

(७) पुढील शतकें

हाच प्रश्न पुढें पुन्हां पुन्हां आला. श्रीरामपुरास विल्यम केरीनें नागपूरकर पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साह्यानें मराठी काम आरंभिलें. इ. स. १८०५ त मत्तयकृत शुभवर्तमान व इ. स. १८११ त नवा करार निघाला. नव्या कराराकरितां मोडी टंक वापरले गेले, कारण व्यापारी, कारकून व गृहस्थ यांची रोजची लिपि तीच होती. आपल्या नागपूर प्रांताचा या विषयाशीं पहिला संबंध येतो तो असा.

पंडिता रमाबाईंनीं तर उलट टोंक गांठलें. कलकत्त्याच्या पंडितांनीं इ. स. १८७८ त 'सरस्वती' म्हणून गौरविलेली ही विदुषी केडगांवास हिब्रू व ग्रीक शिकली आणि तिनें सबंध बायबल अशा सोप्या मराठींत उतरविलें कीं खेड्यांतील बाईस तें कळावें. जड संस्कृत शब्द तिनें मुद्दाम टाळले. तें भाषांतर तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, इ. स. १९२४ त, पुरें छापून निघालें. ज्याला संस्कृत थोडें येतें तो तें मिरवितो. जिला पूर्ण येत होतें तिनें तें बाजूस ठेवलें. नारायण वामन टिळकांनीं इ. स. १९०९ त आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' मात्र पुन्हां ओवीकडे वळलें. दहा-साडेदहा अध्याय झाल्यावर इ. स. १९१९ त ते वारले. पुढील बहुतेक सर्व ग्रंथ लक्ष्मीबाईंनीं, ज्या कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या त्यांनीं, रचला. आणि त्यांच्या पश्चात् इ. स. १९३८ त तो प्रकाशित झाला. पाद्र्यापासून निघालेलें ख्रिस्तकथेचें ओवीबद्ध निरूपण तीनशें वर्षांनीं एका मराठी गृहिणीच्या हातीं आलें, हा या इतिहासाचा मला सर्वांत समाधानकारक भाग वाटतो.

आमच्या चांद्याकडे हा ओघ उशिरा आला. एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचें मिशन चांद्यास आलें. त्यांतील अॅलेक्स वुड यांचें चांद्यावरील पुस्तक इ. स. १९०६ चें आहे. केरळांतील सीरो-मलबार चर्चचें काम इ. स. १९६२ पासून या प्रांतांत सुरू झालें व इ. स. १९७७ त चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गोंडांच्या बाबतींत मात्र नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपचें नांव आधीं घेतलें पाहिजे. त्यानें परधानांकडून लिंगोचें दीर्घ गीत उतरून घेतलें. इ. स. १८६३ त तो नदींत बुडून मेल्यावर त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं इ. स. १८६६ त छापले. सांगण्याआधीं ऐकावें, हा धडा त्यानें घालून दिला.

(८) समारोप

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतों. साष्टीचा इतिहास पाहतां त्याला आतां एवढें उत्तर देतां येईल: धर्म ज्या भाषेंत शिकविला जातो तींत तो असतोच असें नाहीं. ज्या भाषेंत तो रात्रीं, दुखण्यांत, लग्नांत व मरणांत म्हटला जातो तींत तो असतो. सुवार्ता श्रद्धेच्या मध्यभागीं ठेवावयाची तर ती दिवसाच्या मध्यभागीं आली पाहिजे, आणि तेथें ती हुकुमानें येत नाहीं. कथा होऊन, गाणें होऊन येते. तेव्हां आजीची माडिया हांक हाही धर्मग्रंथच समजावा, आणि जमल्यास लिहून ठेवावा.

संग्राहकांस एक विनंति करून लेख पुरा करितों. आपण मठ, मंदिरें व सरदारांचे वाडे धुंडाळतों. गोंवा, मंगळूर, वसई येथील जुन्या ख्रिस्ती घरांतील पेट्या मात्र क्वचित् पाहतों. तेथें रोमी अक्षरांतील जीर्ण वही दिसली म्हणजे ती पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नये. चार ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. ओवीचा ठेका कानांस लागला, तर ती पोथी आपलीच आहे असें समजावें. तिच्या शेवटीं लेखनिकाचें नांव, गांव व साल असल्यास तें प्रथम टिपून घ्यावें. इ. स. १६१६ ची एखादी छापील प्रत कोठें दडून राहिली असेल तर तिचा शोधही अशाच पेटींत लागेल.